झाडावर काम करताना दोराची ढील एका हाताने आवळता यावी म्हणून जोडणीत करावयाचे बदल

झाडावर दोराने चढणाऱ्या माणसाचा निम्मा दिवस ढील आवळण्यात जातो, हे खाली उभे राहून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. फिरत्या दोराच्या पद्धतीत दोराचे एक टोक हार्नेसला, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधलेल्या पट्ट्यांच्या साजाला, जोडलेले असते, दोर वरच्या बेचक्यातून फिरून खाली येतो आणि आपल्याच हार्नेसवरील घर्षणगाठीतून जातो; ही गाठ भार आला की दोराला धरते आणि भार नसला की सरकते. शरीर एक मीटर वर सरकले की दोन्ही पदर एकेक मीटरने आखूड व्हावे लागतात, म्हणजे गाठीतून दोन मीटर दोर ओढून काढावा लागतो. पंधरा मीटर चढायचे तर तीस मीटर दोर हाताखालून जातो, आणि फांदीवर पुढे-मागे जाण्यातली ओढाताण वेगळीच. ही ओढ जड असली की हात दमतो, हात दमला की माणूस अर्धा मीटर ढील तशीच ठेवून पुढे सरकतो, आणि नेमका त्या वेळी पाय घसरला तर कमी ताणल्या जाणाऱ्या दोरावर बसणारा हिसका कमरेला चांगलाच कळतो. शिवाय सैल पडलेली गाठ दर वेळी पहिल्याच क्षणी धरेल, याची खात्री देता येत नाही.

हा लेख ज्यांना दोराने चढणे, उतरणे, नांगर (वर दोर अडकवण्याची जागा) निवडणे आणि गाठ तपासणे आधीपासून येते त्यांच्यासाठी आहे. जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय यातले काहीही उंचीवर करून पाहू नये.

कशाला हात लावायचा नाही

बदल करायचे ते धातूत करायचे नाहीत, ही अट सुरुवातीलाच मान्य करून टाकावी. कप्पीच्या गालाची (बाजूच्या पत्र्याची) कड दोराला घासते म्हणून कानस फिरवणे, छिद्र मोठे करणे, खीळ काढून दुसरी बसवणे, यांत्रिक उपकरणाची कडी घासून मोकळी करणे, असले उद्योग कारागिरीची आवड असलेल्या माणसाला फार मोहात पाडतात. ही उपकरणे उष्णतेची प्रक्रिया केलेल्या ॲल्युमिनियमची असतात आणि कानशीचा एक बारीक ओरखडा पुढे चीर सुरू होण्याची जागा ठरू शकतो. ती चीर डोळ्यांना दिसेलच असे नाही. कॅराबिनरला (उघडमिट होणाऱ्या जोडकडीला) युरोपीय मानक ३६२, कप्पीला १२२७८ आणि दोराला १८९१ लागू होते, आणि त्यावरील शिक्का उपकरण जसे कारखान्यातून आले तसे राहील या गृहीतावर दिलेला असतो. आपल्या हातात उरते ती उपकरणांमधली जागा: दोरीची लांबी, गाठीची जात, कप्पीची जागा, नांगरावरचे घर्षण आणि छातीवरून दिलेला आधार. ढील नीट आवळली जात नाही याचे कारण माझ्या अनुभवात जवळजवळ नेहमी याच जागेत सापडले आहे.

आधी मोजावे

दोन-अडीच मीटर उंचीच्या मजबूत आडव्या फांदीवर आपली नेहमीची जोडणी लावावी. प्रवासाच्या बॅगेचे वजन करायचा टांगता काटा घ्यावा, गाठीखालून निघणाऱ्या मोकळ्या पदराला एक छोटी गाठ मारून त्यात काट्याचा आकडा अडकवावा आणि हार्नेसवरील भार पायांवर घेऊन काट्याने ढील ओढावी. दोर सरकत असताना काटा किती दाखवतो ते लिहून ठेवावे. माझ्या जुन्या जोडणीत तो नऊ किलोच्या आसपास राहत असे, आणि दिवसभरात शेकडो वेळा नऊ किलो ओढल्यावर संध्याकाळी खांदा का धरतो, हे कोडे त्या दिवशी सुटले.

दुसरे मोजमाप बैठकीचे. ढील पूर्ण आवळून दोरावर गाठीच्या वरच्या कडेशी खडूची रेघ ओढावी आणि हार्नेसमध्ये अलगद बसावे. गाठ धरेपर्यंत शरीर जेवढे खाली येते तेवढे अंतर दर पावलाला वाया जाते. एका पावलाला चाळीस सेंटिमीटर चढणाऱ्याला वीस मीटरसाठी पन्नास पावले पुरतात; बैठक सहा सेंटिमीटरची असेल तर हाती चौतीसच उरतात आणि पावले एकोणसाठ होतात. फांदीच्या टोकाला तोल सांभाळताना हेच सहा सेंटिमीटर अधिक त्रास देतात, कारण तिथे आधीच फांदी लवत असते आणि आपण बसलो की ती आणखी दूर जाते.

गाठीखालची कप्पी

सर्वांत मोठा फरक पडतो तो गाठीच्या लगेच खाली बसवलेल्या लहान कप्पीने. तिच्याशिवाय मोकळा पदर ओढला की दोरासोबत गाठही खाली येते, आवळते आणि दुसऱ्या हाताने तिला वर ढकलावे लागते. कप्पी असली की पदर कोणत्याही दिशेने ओढला तरी दोर गाठीच्या सरळ खालूनच निघतो, गाठ कप्पीवर टेकते, तिथे अडते आणि दोर तिच्यातून सरकतो. दुसरा हात करवतीला किंवा फांदीला मोकळा राहतो. खाली उभा असलेला सोबतीसुद्धा पदर ओढून आपली ढील आवळू शकतो, आणि सरळसोट बुंध्यावर ही मदत फार मोलाची ठरते.

बसवण्याची रीत अशी. गाठदोरीच्या (जिने घर्षणगाठ मारतात त्या आखूड दोरीच्या) टोकांच्या दोन डोळ्यांच्या मध्ये कप्पी यावी: कॅराबिनरमध्ये आधी एक डोळा, मग कप्पी, मग दुसरा डोळा. कप्पी मध्ये राहिली की ती दोराच्या रेषेत सरळ उभी राहते आणि दोन्ही डोळ्यांवर भार सारखा येतो. कप्पी दोराच्या जाडीसाठी बनवलेली असावी. गाल फार रुंद असतील तर गाठीची खालची वेणी दोन गालांच्या मधे शिरते आणि अडकते. साडेअकरा ते तेरा मिलिमीटरच्या झाडकामाच्या दोरासाठी खास बनवलेल्या कप्प्या मिळतात, त्यांच्या वरच्या कडा गाठीला टेकण्यासाठीच गोलावलेल्या असतात आणि काहींना तीन छिद्रे असल्यामुळे दोराचे बांधलेले टोकही तिथेच दुसऱ्या कॅराबिनरने जोडता येते. कॅराबिनर आपोआप बंद होणारा आणि उघडण्यास तीन वेगवेगळ्या हालचाली लागणारा घ्यावा आणि त्याचे फाटक (उघडणारी बाजू) धावत्या दोराच्या विरुद्ध बाजूला ठेवावे, कारण फाटकाच्या नळीवरून दोर घासत राहिला तर ती फिरू शकते.

आता या सगळ्यातला कळीचा भाग. हार्नेसमध्ये पूर्ण भार देऊन बसल्यावर गाठीच्या खालच्या कडेत आणि कप्पीत थोडी फट दिसली पाहिजे. ही फट म्हणजेच वर सांगितलेल्या बैठकीचा मोठा वाटा, म्हणून ती कमी करण्याकडे सगळ्यांचा कल असतो आणि तो बरोबरही आहे. पण फट शून्य झाली तर भार असतानाही कप्पी गाठीला खालून टेकू देत राहते, आणि टेकू मिळालेली गाठ आवळत नाही, म्हणजेच धरत नाही. मी आडवे धरलेले तर्जनीचे एक बोट फटीत जेमतेम जाईल इतके अंतर ठेवतो. नवी गाठदोरी पहिल्या काही दिवसांत ताणून थोडी लांब होते, त्यामुळे सुरुवातीला फट बोटापेक्षा किंचित कमी असली तरी चालते, पण ती दिसलीच पाहिजे.

गाठ आणि गाठदोरी

सह्याद्रीत कडे चढणाऱ्यांना प्रुसिक ठाऊक असते. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेली ही गाठ विश्वासू आहे, पण ढील आवळण्याच्या कामात ती हट्टी ठरते. तिचे वेढे वर-खाली सारखेच असल्यामुळे ती दोन्ही दिशांना धरते, आणि कप्पीने खालून ढकलले की खालचे वेढे वरच्या वेढ्यांवर चेपून बसतात. झाडकामात म्हणून वर जास्त वेढे आणि खाली एखादा वेढा किंवा वेणी असलेल्या विषम गाठी वापरतात. डिस्टेल आणि व्हीटी (व्हाल्डोटेन ट्रेस) या त्यांतल्या जास्त चालणाऱ्या. व्हीटीत वरचे वेढे भार धरतात आणि खालची वेणी कप्पीचा धक्का लागताच उमलल्यासारखी सैल होते. दहा मिलिमीटरच्या गाठदोरीने तेरा मिलिमीटरच्या दोरावर चार वेढे आणि तीन वेण्या ही सुरुवातीची मांडणी धरावी, आणि बारीक गाठदोरी किंवा गुळगुळीत नवा दोर असेल तर एखादा वेढा वाढवावा. व्हीटी चपळ आहे तशीच लहरीही आहे. वेढे एकमेकांवर चढले तर ती धरायला उशीर करते, म्हणून प्रत्येक वेळी भार देण्यापूर्वी ती बोटांनी सारखी करून घ्यावी लागते. नव्या माणसाने डिस्टेलवर सहा महिने काढले तर त्याचे काही बिघडत नाही.

दोन्ही टोकांना शिवलेले डोळे असलेल्या गाठदोरीची लांबी साधारण सत्तर ते ऐंशी सेंटिमीटर असते. यात पाच सेंटिमीटरचा फरकही जाणवतो. दोरी लांब असली की गाठ वर जाऊन बसते, फट वाढते आणि फांदीवर आडवे झाल्यावर गाठ हाताच्या टप्प्याबाहेर जाते; मग उतरता येत नाही आणि वर सरकताही येत नाही. हे माझ्या बाबतीत एका पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांदीवर घडले आहे आणि पायात दुसरा दोर अडकवून उभे राहून सुटका करून घ्यावी लागली. दोरी आखूड असली की वेढे पुरेसे बसत नाहीत. म्हणून ७०, ७५ आणि ८० सेंटिमीटरच्या तीन दोऱ्या घेऊन त्याच खालच्या फांदीवर काटा आणि खडू यांच्या साह्याने तुलना करावी; लांबी कमी करण्यासाठी शिवलेल्या डोळ्याजवळ जादा गाठ मारणे मात्र टाळावे, कारण त्या गाठीने दोरीची ताकद कमी होते आणि ती गाठ कप्पीतही अडकते.

गाठदोरीचा धागा कोणता, हेही पाहावे. उतरताना गाठीत उष्णता निर्माण होते. डायनिमासारखा पॉलिएथिलिनचा धागा दीडशे अंशांच्या आतबाहेर वितळतो, म्हणून त्याची आकर्षक, हलकी, गुळगुळीत दोरी या कामाला उपयोगाची नाही. पॉलिएस्टर सुमारे अडीचशे अंशांना वितळते, आणि अरामिड या उष्णता सोसणाऱ्या धाग्याचे आवरण वितळण्याऐवजी त्याहून पुष्कळ वर जाऊन करपते. गाठदोरीला म्हणून बहुधा अरामिडमिश्रित आवरण असते.

वरचे घर्षण

एवढे करूनही काटा सात-आठच्या खाली येत नसेल तर दोष वर, नांगरापाशी आहे. खडबडीत सालीवरून अर्धा वळसा घेणारा दोर दोन पदरांत ताणाचा मोठा फरक पाडतो. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पदरातला ताण दुसऱ्याच्या सुमारे अडीचपट होतो. ऐंशी किलोचा माणूस उतरताना त्याच्या गाठीवर फक्त बावीस-तेवीस किलो येतात आणि उरलेले बांधलेल्या पदरावर. ढील ओढताना हेच घर्षण उलटे लागते आणि सगळी मेहनत सालीला घासण्यात जाते. साल सोलली जाऊन झाडाचेही नुकसान होते, ते वेगळेच.

उपाय म्हणून दोन कड्यांचा पट्टा किंवा एका टोकाला कप्पी असलेला पट्टा बेचक्यात बसवून दोर त्यातून फिरवतात. ओढ एकदम हलकी होते. पण इथे घाई करू नये, कारण घर्षण वरून गेले की त्याचा भार गाठीवर येतो. मोकळ्या कप्पीवर दोन्ही पदरांत जवळजवळ चाळीस-चाळीस किलो येतात, म्हणजे गाठीवरचा भार पावणेदोन पटीपेक्षा जास्त वाढतो. सालीवर छान चालणारी चार वेढ्यांची गाठ मग उतरताना भरधाव सुटते. वर कप्पी लावली तर गाठीत वेढा वाढवावा आणि वेढा वाढवल्यावर गाठीखालची फट पुन्हा मोजावी, कारण वेढ्याने गाठदोरीची पोहोच कमी होते. माझा स्वतःचा कल दोन कड्यांच्या पट्ट्याकडे आहे. त्यात घर्षण थोडे उरते, ढील पुरेशी हलकी येते आणि गाठ शांत राहते.

एका स्थिर दोरावर

दोर वर पक्का बांधून एकाच पदरावर चढायचे असेल तर ढील निम्मी होते, पण अडचण बदलते. गाठीवर पूर्ण भार येतो, म्हणून गाठीच्या वर घर्षण वाढवणारे एक उपकरण लावतात. अमेरिकेतील केविन बिंगहॅम यांनी काढलेला रोप रेंच हा त्याचा सर्वांत परिचित नमुना. गाठ आणि रेंच यांना जोडणारा पट्टा ताठ असावा. मऊ पट्टा ढील आवळताना दुमडतो, रेंच गाठीवर कलंडतो आणि दोन्ही एकमेकांना अडवतात.

पायाच्या आणि गुडघ्याच्या चढणयंत्रांनी पावले टाकत वर जाताना ही सगळी जोडणी सोबत वर आली पाहिजे, आणि त्यासाठी छातीच्या पट्ट्यापासून जोडणीच्या वरच्या भागापर्यंत एक लवचीक दोरी देतात. या दोरीत चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. उभे राहिल्यावर दोरी जेमतेम ताणलेली असावी, आणि हार्नेसमध्ये बसल्यावर ती गाठीला किंचितही वर धरून ठेवू नये. मी एकदा जरा जास्तच कडक रबरी दोरी लावली होती. सरावाच्या वेळी तीन मीटरवर बसलो आणि गाठीने धरण्याआधी दीड मीटर खाली आलो. दुसरा दोर जोडलेला होता म्हणून नुसती शरम वाटण्यावर भागले. लवचीक दोरी गळ्यात घालू नये, छातीच्या पट्ट्यालाच लावावी, आणि तिच्या मधोमध हिसका बसताच तुटेल असे पातळ रबरी कडे ठेवावे.

रबराविषयी आणखी एक सांगायला हवे. कॅराबिनर फिरू नये म्हणून पट्ट्याच्या डोळ्यावर रबरी कडे चढवण्याची सवय पुष्कळांना असते. २०१३ साली फ्रान्समध्ये बारा वर्षांच्या एका इटालियन मुलाचा कड्यावरून पडून मृत्यू झाला. दोर अडकवण्यासाठी त्याने वापरलेल्या पट्टा-कॅराबिनरच्या जोडण्यांमध्ये कॅराबिनर पट्ट्यात न जाता फक्त रबरात अडकलेले होते आणि रबराने पट्टा झाकला गेल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. ढिलीच्या जोडणीत बरीच रबरे आणि बारीक दोऱ्या येतात. भार घेणारा प्रत्येक डोळा उघडा दिसला पाहिजे. कडे घालायचेच असेल तर शिवलेल्या घट्ट डोळ्यावर घालावे, मोकळ्या फासावर कधीही नको.

पहिल्या चार-पाच मीटरांत ढील आपोआप उतरत नाही, याला जोडणीचा दोष समजू नये. झाडकामाच्या दोराचे वजन मीटरला साधारण शंभर ग्रॅम असते, म्हणजे पाच मीटरवर खाली लोंबणारा दोर जेमतेम अर्धा किलो भरतो आणि तो गाठीसोबत वर उचलला जातो. सोबत्याला पदर हलकेच धरायला सांगावे, किंवा दोराच्या शेपटाला दोन किलोची पिशवी लावावी.

चीक, पाऊस आणि धूळ

परदेशी पुस्तिकांत याविषयी फारसे नसते आणि आपल्याकडे मात्र यावाचून गत्यंतर नाही. वड, पिंपळ, उंबर, फणस यांचा चीक आणि आंब्याचा डिंक दोराला लागला की तो हाताला आधी फारसा जाणवत नाही. गाठीच्या वेढ्यांत जाऊन मात्र सुकतो आणि दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो जास्त दाखवतो. फणसावर काम करताना जुना दोर वापरावा आणि कापलेल्या फांदीच्या तोंडापासून तो दूर ठेवावा. कोमट पाण्यात सौम्य साबणाने दोर आणि गाठदोरी धुऊन सावलीत वाळवावी. रॉकेल, थिनर आणि कडक धुलाईपूड टाळावी. ढील हलकी व्हावी म्हणून दोरावर तेल किंवा सिलिकोन मारणारेही पाहिले आहेत; गाठ ज्या घर्षणावर उभी आहे तेच त्याने जाते.

पावसात नायलॉन पाणी पितो, दोर फुगतो आणि गाठ चावून बसते. पॉलिएस्टरच्या आवरणाचा दोर त्या मानाने ठीक राहतो. चावलेली गाठ सोडवताना हिसका देऊ नये, कप्पीने खालून दोन-तीन छोटे धक्के द्यावेत. कोकणातील लाल मातीची धूळ कप्पीच्या बेअरिंगमध्ये शिरते, म्हणून कप्पी रोज संध्याकाळी पाण्यात फिरवून, झटकून वाळत ठेवावी.

उंचीवर नेण्यापूर्वी

प्रत्येक बदल एकेकटा करावा. कप्पी, दोरीची लांबी आणि वरचा पट्टा एकाच दिवशी बदलले तर गाठ का सुटली, हे नंतर शोधता येत नाही. बदलानंतर जमिनीपासून एक मीटरच्या आत, दुसरा स्वतंत्र दोर जोडून, किमान वीस वेळा ढील आवळून बसावे: दहा वेळा सावकाश, पाच वेळा एका अंगावर कलून आणि पाच वेळा मुद्दाम हातभर ढील ठेवून. गाठ वीसच्या वीस वेळा धरली पाहिजे. एकदाही उशीर झाला तर मागच्या जोडणीवर परत जावे. नंतर पुन्हा काटा आणि खडू. माझ्या जोडणीत नऊ किलोचे साडेचार झाले आणि बैठक सात सेंटिमीटरवरून तीनवर आली, त्यानंतर मी आणखी काही काढून घेण्याचा नाद सोडला, कारण यापुढे गेलेले प्रत्येक पाऊल गाठीच्या धरण्याच्या क्षमतेतून वजा होत होते.

ब्रिटनमध्ये माणसाचा भार पेलणारी ही सामग्री १९९८च्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते, आणि तोच कालावधी मी स्वतःला लावून घेतला आहे. गाठदोरी मात्र त्याच्या कितीतरी आधी बदलावी लागते. वेढ्यांच्या जागी आवरण काचेसारखे चकचकीत आणि ताठ झाले, धागे करपलेले दिसले किंवा दोरी चपटी पडली की ती त्याच दिवशी कापून टाकावी, म्हणजे गडबडीत कोणी पुन्हा उचलणार नाही. नवी लावली की फटीत पुन्हा एकदा बोट घालून पाहावे.